खंड पडलेला घरचा योगाभ्यास पुन्हा रुळावर कसा आणावा?

पहाटवारा

२१ जूनच्या योगदिनाच्या आसपास दरवर्षी चटया विकत घेतल्या जातात आणि आषाढ संपेपर्यंत त्या गुंडाळून कपाटामागे जातात. हा धागा त्या चटयांच्या मालकांसाठी आहे. म्हणजे अगदी नवशिक्यांसाठी नाही. वर्ष-दोन वर्षं क्लास केलाय, आसनं येतात, नावं माहीत आहेत, पण क्लास सुटला आणि घरी काही होत नाही, अशांसाठी.

इच्छाशक्ती कमी पडली असं आपण चटकन म्हणून मोकळे होतो. माझं मत वेगळं आहे. बहुतेकांचा दुसऱ्यांदा सुरू केलेला अभ्यास आठवड्याच्या आत मोडतो, कारण त्यांनी जिथे सोडला होता तिथूनच परत सुरू केलेला असतो. पूर्वी १२ सूर्यनमस्कार घालत होतो म्हणून पहिल्याच दिवशी १२. पहिल्या दिवशी होतातही, उत्साहाच्या भरात. स्नायूंचा ठणका मात्र २४ तासांनी सुरू होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतो. जिना उतरताना मांड्या बोंबलतात, चौथ्या दिवशी चटई उघडली जात नाही, आणि मग नवा सोमवार शोधायचा.

म्हणून पहिला नियम: सोडलं तेव्हाच्या एक तृतीयांशावर परत या. १२ घालत असाल तर ४. पाऊण तास करत असाल तर १५ मिनिटं. पहिला आठवडा 'हे तर फारच थोडं झालं' असं वाटायला हवं. पुढे दर आठवड्याला एकच गोष्ट वाढवायची: नमस्कारांची संख्या, नाहीतर आसनात थांबण्याचा वेळ, नाहीतर एखादं नवं आसन. तिन्ही एकदम वाढवू नयेत.

खंड सहा महिन्यांहून मोठा असेल, किंवा मध्ये मोठं आजारपण, शस्त्रक्रिया, बाळंतपण झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हे एकदाच सांगून ठेवतो, प्रत्येक प्रतिसादात लिहीत बसणार नाही.

सतरंजी

सहमत. जोडीला थोडं निदानही करून घ्यावं. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादातल्या (प्रकरणातल्या) तिसाव्या सूत्रात नऊ अंतराय, म्हणजे अभ्यासातले अडथळे, दिले आहेत: व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद (बेफिकिरी), आलस्य, अविरती (विषयांची ओढ), भ्रांतिदर्शन (चुकीची समजूत), अलब्धभूमिकत्व (पुढचा टप्पा न गाठणं), अनवस्थितत्व. पाठांतरासाठी ठीक, पण यादी म्हणून ती फार कामाची आहे. आपला अभ्यास यातल्या कशामुळे अडलाय ते ठरवलं की उपाय बदलतो.

आलस्य म्हणजे शरीराचं जडपण. बहुधा रात्रीचं जेवण दहाला आणि झोप बाराला, हे त्याचं मूळ असतं. तिथे प्रेरणादायी व्हिडिओ बघून काही होत नाही, जेवण आठला आणावं लागतं. स्त्यान म्हणजे मनाचं साकळलेपण. शरीर ठीक असतं पण उठावंसं वाटत नाही. अशा वेळी डोळे मिटून बसण्याची साधना आधी घेऊ नये, मन आणखी बुडतं. उभ्या स्थितीतली आसनं आणि नमस्कार आधी, बैठकीची नंतर. संशय हा आजच्या काळातला सर्वात मोठा अंतराय. अय्यंगार पद्धत बरी की विन्यास बरा, आधी प्राणायाम की आधी आसन, यावर तीन तास वाचन आणि अभ्यास शून्य. सहा आठवडे एकच क्रम, तोपर्यंत नवीन काही वाचायचं नाही, हा त्यावरचा उतारा. पुढे बत्तिसाव्या सूत्रात एकतत्त्वाभ्यास, म्हणजे एकाच गोष्टीचा अभ्यास, सांगितला आहे, तो इथे शब्दशः लागू पडतो.

अनवस्थितत्व म्हणजे मिळवलेलं टिकत नाही. 'पूर्वी मला पश्चिमोत्तानासनात कपाळ टेकायचं' हे डोक्यात बसलेले लोक यात सापडतात. त्यांनी पहिले दोन महिने ते आसनच क्रमातून काढून टाकावं. बाकीचे अंतराय ज्याने त्याने तपासावेत.

ओट्याशी_योग

हे सगळं पहाटे उठू शकणाऱ्यांसाठी झालं. सकाळी सहा ते साडेआठ दोन डबे, एक नाश्ता, पाणी भरणं आणि शाळेची बस. त्यात 'ब्राह्ममुहूर्तावर रिकाम्या पोटी' कुठे बसवायचं?

पहाटवारा

@ओट्याशी_योग, ताई, पहाटेचा आग्रह सोडा. खरी अट पोटाची आहे. भरपेट जेवणानंतर तीन ते चार तास, पोहे-उपम्याएवढ्या खाण्यानंतर दीड-दोन तास, नुसत्या चहानंतर अर्धा तास. या हिशेबाने घरात असणाऱ्यांना सकाळी साडेअकराची किंवा संध्याकाळी पाच ते सातची वेळ उत्तम मिळते. संध्याकाळी शरीर मोकळंही जास्त असतं, सकाळी जी बोटं जमिनीपासून वीतभर वर राहतात ती संध्याकाळी टेकतात. तोटा एकच, संध्याकाळी पाहुणे येतात.

सकाळी फक्त ओट्याशी करता येईल एवढं करा. ओट्याच्या कडेवर दोन्ही तळहात खांद्याइतक्या अंतरावर ठेवा, मागे मागे चालत जा, पाय कमरेच्या खाली येईपर्यंत. पाठ जमिनीला समांतर, कान दंडांच्या रेषेत. मांडीमागचे स्नायू ओढले जात असतील तर गुडघे थोडे वाकवा, कंबर गोल होऊ देऊ नका. पाच दीर्घ श्वास, मग चालत पुढे. दोनदा. दूध तापायला ठेवून मात्र करू नका.

तेरावा_नमस्कार

सूर्यनमस्कारांवर थोडं सविस्तर लिहितो. खंडानंतर दुखापत बहुधा इथेच होते.

महाराष्ट्रात नमस्काराला मोजणीची परंपरा आहे. औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधींनी तो घराघरांत आणि आपल्या संस्थानातल्या शाळांत नेला. समर्थ रोज बाराशे घालत असं सांगतात. त्यामुळे आपल्याकडे 'किती घालता?' हाच पहिला प्रश्न असतो. परत सुरू करणाऱ्याने 'एकाला किती वेळ लागतो?' हे विचारावं. बारा स्थिती, प्रत्येक स्थितीला एक पूरक (श्वास घेणं) किंवा रेचक (श्वास सोडणं), तीन-चार सेकंदांचा. म्हणजे एक नमस्कार ४० ते ५० सेकंदांचा झाला पाहिजे. २० सेकंदांत होत असेल तर श्वास मागे राहिला आणि सांधे झटके खातायत.

कुठे काय बिघडतं ते बघा. चौथ्या स्थितीत, अश्वसंचालनात, खंडानंतर मागचा पाय नीट जातो. पंचाईत नवव्या स्थितीत होते, कारण मागून पुढे आणायचा पाय दोन तळहातांच्या मध्ये पोचत नाही, निम्म्यावर अडतो. मग लोक कंबर तिरकी करून पाय बाहेरून फिरवून आणतात. तसं करू नये. मागचा गुडघा टेकवा, हाताने घोटा धरून पाऊल पुढे ठेवा. दोन-तीन आठवड्यांत पाय आपोआप येऊ लागतो.

सहाव्या स्थितीत, साष्टांगात, धपकन खाली येणं ही दुसरी चूक. दंडांची ताकद खंडात कमी झालेली असते. पहिले तीन आठवडे आधी गुडघे टेकवावेत, मग छाती आणि हनुवटी. कोपरं बाहेर फाकली की खांद्याच्या पुढच्या भागात टोचू लागतं, ती फासळ्यांलगत ठेवा. सातव्यात, भुजंगासनात, हात ताठ करून वर जाऊ नका. नाभीपर्यंतचा भाग जमिनीवर, कोपरं वाकलेली, नितंब घट्ट आवळलेले नाहीत. कमरेत चिमटा बसत असेल तर आणखी खाली या.

मनगट दुखत असेल तर तळहाताच्या मनगटाकडच्या भागाखाली चटईची घडी करून दीड-दोन सेंटिमीटर उंची द्या आणि भार तर्जनी व अंगठ्याच्या मुळाशी आणा. तरीही दुखलं तर नमस्कार आठवडाभर थांबवा, उभी आसनं चालू ठेवा.

पहिला आठवडा ३, दुसरा ४, तिसरा ६. सहा नमस्कार न दमता, नाकाने श्वास घेत झाले की १२ कडे निघा. बारा नावं झाली की तेरावा श्रीसवितृसूर्यनारायणासाठी.

माघशुद्ध

+१. नवव्या स्थितीचं अगदी बरोबर.

सतरंजी

पूर्ण क्रम मागणारे येतीलच, म्हणून वीस मिनिटांचा देऊन ठेवते. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा. फोन बघत करू नका. त्रिकोणासनात मान वळवून स्क्रीनकडे बघणं हे मानेच्या दुखण्याला आमंत्रण आहे, शिवाय फोन हातात आला की दहा मिनिटं कुठे गेली कळत नाही.

उताणं पडून, गुडघे वाकवून एक मिनिट नुसता श्वास. मार्जारासन श्वासाबरोबर आठ वेळा. अधोमुख श्वानासन पाच श्वास, दोनदा. टाचा टेकवायचा हट्ट नको, गुडघे वाकलेले चालतील, पाठ लांब हवी. तीन सूर्यनमस्कार. त्रिकोणासन प्रत्येक बाजूला वीस-तीस सेकंद, खालचा हात घोट्यावर नेण्याऐवजी नडगीवर किंवा खुर्चीच्या बैठकीवर. छाती छताकडे वळत नसेल तर हात आणखी वर घ्या. शलभासन तीन वेळा, दर वेळी तीन श्वास. वक्रासन दोन्ही बाजूंना. त्यानंतर विपरीत करणी चार मिनिटं: भिंतीपासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर लोड आडवा ठेवायचा, कंबर लोडावर, पाय भिंतीला, खांदे जमिनीवर. शेवटी शवासन पाच मिनिटं.

काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांनी, आणि पाळीच्या दिवसांत, विपरीत करणीऐवजी नडग्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवून पडून राहावं. काचबिंदूवाल्यांनी श्वानासनही जमिनीवर करू नये, भिंतीला हात लावून करावं.

शवासन गाळू नका. घाईच्या दिवशी सगळ्यात आधी तेच कापलं जातं. पण अभ्यासाची गोड आठवण शवासनातूनच राहते आणि उद्या चटईवर यावंसं वाटतं ते त्या पाच मिनिटांमुळे. वेळ कमी असेल तर त्रिकोणासन कापा.

गुडघेदुखे_पन्नाशी

वज्रासन आणि मांडी दोन्ही जमत नाही. मग बैठकीचं काय करायचं? आणि साधनं विकत घ्यावी लागतील का?

पहाटवारा

काका, विकत काही घेऊ नका. पुण्यात अय्यंगार गुरुजींनी पट्टे, विटा, खुर्च्या, लोड यांचा एवढा पद्धतशीर वापर रुजवला तो अशाच अडचणींसाठी, आणि त्यातलं निम्मं सामान प्रत्येक मराठी घरात असतंच. पट्ट्याऐवजी सुती ओढणी किंवा पंचा (नायलॉनची ओढणी नको, घसरते). विटेऐवजी दोन जाडजूड पुस्तकं सुतळीने घट्ट बांधून. दिवाळी अंकांचा गठ्ठा या कामी उत्तम. लोड घरात नसेल तर दोन चादरी सतरंजीत गुंडाळून त्याची घट्ट वळकटी.

मांडी घालण्यासाठी घोंगडी किंवा ब्लँकेट चौघडी करून दहा सेंटिमीटर उंची करा आणि तिच्या कडेवर बसा, मधोमध नाही. गुडघे कमरेच्या हाडापेक्षा खाली आले की पाठ स्वतःहून सरळ होते. गुडघे तरीही वर राहत असतील तर उंची वाढवा, किंवा सरळ खुर्चीवर बसा. तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले, पाठ टेकलेली नाही. पद्मासनात पाय ओढून बसवू नका. खुब्यात वळण नसेल तर ते सगळं वळण गुडघा सोसतो, आणि गुडघा त्यासाठी बनलेला नाही.

वज्रासनासाठी पंच्याची गुंडाळी गुडघ्याच्या मागे खोबणीत घालून बघा, आणि टाचा व बैठक यांच्यामध्ये उशी. तरी दुखलं तर सोडून द्या.

पश्चिमोत्तान_पीडित

बसल्या जागी, बैठकीच्या हाडापाशी एका बाजूला दुखतं. पुढे वाकलं की जास्त. ताणून मोकळं होईल का?

तेरावा_नमस्कार

नाही, ताणून वाढेल. मांडीमागचे स्नायू जिथे बैठकीच्या हाडाला जोडलेले असतात तिथे इजा झाल्याची ही लक्षणं वाटतात. पाय ताठ ठेवून धड ओढत पुढे नेणाऱ्यांना हे होऊ शकतं. स्नायूच्या मधल्या भागात ओढ जाणवली तर ठीक, हाडाच्या टोकाशी जाणवली तर लगेच थांबायचं. सहा-आठ आठवडे पुढे वाकणारी सगळी आसनं गुडघे वाकवून, निम्म्या पल्ल्यातच. सेतुबंध आणि शलभासन चालू ठेवा, स्नायूला ताकद हवी आहे. तीन आठवड्यांत फरक पडला नाही किंवा पायात मुंग्या येत असतील तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

बर्फातला_मराठी

टोरोंटोकडून दोन गोष्टी. डिसेंबरात इथे सूर्य साडेसातनंतर उगवतो, तेव्हा सूर्योदयाशी बांधलेली वेळ टिकत नाही. वेळेपेक्षा घटनेला बांधा: दात घासून झाले की चटई. दुसरं, खोली गरम असली तरी जमीन गार असते आणि शरीर उघडायला वेळ घेतं. मार्जारासन आणि खांद्या-खुब्यांच्या हालचालींना पाच मिनिटं जास्त द्या. गालिच्यावर चटई टाकू नका, ती सुरकुतते आणि तळहात रुतून मनगटं जास्त वाकतात. लाकडी जमिनीचा सहा फूट बाय अडीच फूट तुकडा मोकळा करा.

कालनिर्णयवाला

सगळ्यात सोपा उपाय कुणी सांगितलाच नाही. दिनदर्शिकेवर रोज फुली मारायची. साखळी तुटू द्यायची नाही. बस्स.

सतरंजी

याला माझा विरोध आहे. साखळी असते तोवर छान. एकदा लग्नकार्यात दोन दिवस गेले की 'आता तुटलीच' म्हणून महिना जातो. हठप्रदीपिकेत, हठयोगाच्या जुन्या ग्रंथात, योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींत नियमाग्रह (नियमांचा अट्टहास) आहे, आणि तोही अत्याहार (अति खाणं), प्रयास (अति श्रम), प्रजल्प (वायफळ बडबड) यांच्या रांगेत.

कालनिर्णयवाला

मग पतंजलींच्या 'दीर्घकाल नैरंतर्य'चं काय करायचं? नैरंतर्य म्हणजे खंड न पडणंच ना. नियम ढिला केला की गाडी घसरतेच, हे दिसतंच की आजूबाजूला.

पहाटवारा

दोघांचं जमवता येईल. दिनदर्शिकेवर दोन खुणा ठेवा: पूर्ण अभ्यासाला फुली, किमान अभ्यासाला टिंब. किमान अभ्यास आधीच ठरलेला हवा, त्या दिवशी ठरवायचा नाही: एक सूर्यनमस्कार आणि तीन मिनिटं शवासन. प्रवासात, पाहुण्यांत, सुतकात, डोकं दुखत असताना, टिंब पुरे. रिकामा चौकोन एक चालेल, सलग दोन नाहीत. आणि महिन्यात टिंबं फुल्यांपेक्षा जास्त झाली तर तुमचा पूर्ण अभ्यास तुमच्या सध्याच्या दिवसासाठी मोठा आहे, तो पाच-सात मिनिटांनी कापा.

तापात मात्र टिंबही नको. चिकुनगुन्यानंतर सांधे आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने धरतात. तिथे मनगटांवर भार येणारं काहीही करू नये, उताणं पडून घोटे, बोटं, खांदे फिरवणं एवढंच.

कालनिर्णयवाला

टिंब मान्य. सलग दोन नाहीत हेही मान्य.

नासाग्र

प्राणायामाचं कुणीच बोललं नाही. आसनं टाळणाऱ्यांना निदान कपालभातीपासून सुरुवात करता येईल ना? पाच मिनिटं, काम झालं.

सतरंजी

पाच मिनिटं सलग कपालभाती ही खंडानंतरची सुरुवात नव्हे. वीस ठोके (पोट आत खेचत झटक्याने सोडलेले श्वास), मग तीस सेकंद नेहमीचा श्वास, अशी दोन-तीन आवर्तनं पुरेत, सेकंदाला एक ठोका. खांदे उडत असतील किंवा चेहरा वाकडा होत असेल तर ठोका पोटातून येत नाहीये. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, गरोदरपण असताना नकोच.

परत सुरू करणाऱ्याला अनुलोम-विलोम जास्त चांगला, कुंभक न करता, म्हणजे श्वास न रोखता. चार मात्रा पूरक, सहा मात्रा रेचक, मात्रा साधारण सेकंदाची. म्हणजे दोन्ही नाकपुड्यांचं एक आवर्तन २० सेकंदांचं, पाच मिनिटांत पंधरा आवर्तनं. रेचक संपल्यावर पुढचा श्वास हपापल्यासारखा आत आला तर सहा मात्रा सध्या जास्त आहेत, चार-चार करा. सर्दीत नाक चोंदलं असेल तर जबरदस्ती नको, त्या दिवशी भ्रामरी (गुंजन करत श्वास सोडणं).

ओट्याशी_योग

एक किरकोळ प्रश्न. नवी चटई फरशीवर घसरत नाही, पण हात चटईवर घसरतात. श्वानासनात टिकताच येत नाही.

बर्फातला_मराठी

नव्या चटईवर कारखान्यातला गुळगुळीत थर असतो. कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, मऊ कापडाने पुसा, स्वच्छ पाण्याने परत पुसा, सावलीत वाळवा. उन्हात रबर तडकतं. आणि अभ्यासाआधी तळहातांना तेल किंवा क्रीम लावू नका.

माघशुद्ध

रथसप्तमीला १०८ घालायचे ठरवले आहेत. आजपासून सुरुवात केली तर जमेल का?

तेरावा_नमस्कार

जूनपासून माघ शुद्ध सप्तमीपर्यंत सात महिने आहेत, जमेल. दिवाळीपर्यंत रोजचे १२ पक्के करा, त्याच्यावर जाऊ नका. दिवाळीनंतर आठवड्यातला एकच दिवस वाढवा, रविवार धरा: २४, ३६, ४८, मग एक आठवडा परत २४, पुन्हा ४८, ६०, ७२. रथसप्तमीआधीच्या आठवड्यात रोज ६ च. मनगट किंवा खांदा कुरकुरला तर त्या रविवारी संख्या आदल्या टप्प्यावर.

त्या दिवशी १२-१२ चे नऊ गट, प्रत्येक गटानंतर ताडासनात एक मिनिट. ४५ सेकंदांच्या गतीने नुसते नमस्कार ८१ मिनिटांचे होतात, विश्रांती धरून दीड तास. घोट-घोट पाणी चालेल. गती मोडली, तोंडाने श्वास सुरू झाला की तो गट पूर्ण करून थांबा, मग ते ८४ असोत की ९६.

दुसऱ्या दिवशी फक्त विपरीत करणी आणि शवासन. तिसऱ्या दिवशी वर दिलेला वीस मिनिटांचा क्रम, तीन नमस्कारांसह. हा तिसरा दिवस आत्ताच दिनदर्शिकेवर लिहून ठेवा, कारण १०८ झाल्यावर लोक थांबतात ते तिथेच.